अंगणातली शिशाची भट्टी

"मंग माझं बाळंतपण होईपर्यंत तरी ती भट्टी बंद ठेवा!" शिवकन्यानं भाकरी तव्यावर आपटली. "दोन बाऱ्या कूस रिकामी झाली. दोन्ही बाऱ्या भट्टी घरी आल्यावरच."

"भट्टीनं पोरं पडत असती, तर लोहाराच्या घरात पाळणा हललाच नस्ता," सासू गिरिजाबाई ओसरीवरून म्हणाली.

"लोहार लोखंड तापवतो, आत्याबाई. शिसं न्हाई."

"बघा, आता सून मला शिसं शिकवती!"

शिवकन्याचा नवरा भिवा अंगणात उकिडवा बसून ट्रकची जुनी बॅटरी फोडत होता. नवीन जालन्यात, स्टेशनच्या वाटेवर त्याचं बॅटरीचं दुकान. अंबडपासूनचे ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले त्याचं नाव विचारत येत. मेलेली बॅटरी उघडायची, कुजलेल्या प्लेटा उपसायच्या, शिसं वितळवून नवे जोड ओतायचे, तेजाब भरून चार्जिंगला लावायची. मग ट्रक एका झटक्यात चालू. हे सगळं तो हैदराबादला एका उस्तादाकडं शिकला. उस्तादानं सिकंदराबादेत निव्वळ बॅटरीवर धावणारी मालाची गाडी पाहिली होती. पेट्रोल महागल्यापासून भिवाही गिऱ्हाइकांना ऐकवायचा, "बघत ऱ्हावा, उद्या समद्या गाड्या अशाच पळतील. मंग आपल्यासारख्याला बिलकुल फुरसत न्हाई."

उस्तादाचे हात मात्र मनगटातून लोंबत. तो त्याला म्हातारपण म्हणायचा. तेव्हा तो चाळिशीचा होता.

शेजारच्या कापडवाल्यानं धुराचा बोभाटा केला, तशी दुकानातली भट्टी घरी आली. पहिल्यांदा कोंबड्या मान टाकून मेल्या. मग लिंबाची भट्टीकडची बाजू वाळली. मग शिवकन्याला दिवस जायचे, पण टिकेनात. गिरिजाबाईला एवढंच दिसत होतं, की सरपण फुकट मिळू लागलं. जुन्या बॅटरीत प्लेटांच्या मधे शिशात मुरलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या निघत. वाळवून ठेवल्या की चुलीत भुरकन पेटत. आताही भांडता भांडता शिवकन्या मूठमूठ पट्ट्या तव्याखाली सारत होती. तिचा सगळा राग भट्टीवर. चुलीचा संशय तिला कधी आलाच नाही.

"डाक्टरला तरी विचारा," ती म्हणाली.

"विचारून काय सांगंल? काम सोड म्हणंल," भिवा पहिल्यांदाच बोलला. "सोडून खायचं काय, डाक्टरचं डोस्कं?"

वितळलेलं शिसं घ्यायला त्यानं लोखंडी पळी उचलली. पळी साच्यावर आली आणि त्याचं मनगट खाली मोडून पडलं, देठ वाळल्या पानासारखं. शिसं मातीत सांडलं. चर्र आवाज झाला. त्यानं पळी डाव्या हातात घेतली. डावा हातही तसाच लोंबला.

चुलीवरची भाकरी करपली.

"दिष्ट लागली माझ्या लेकराला," गिरिजाबाई पुटपुटली. "पिंपळगावच्या रेणुकाईला घेऊन जाऊ."

"माय, छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं ना आपण ते?"

"आपण सोडलं. तिनं सोडलं का, ते कोणाला ठावं?"

दोन्ही हात मांडीवर ठेवून भिवा बोटं उचलायचा प्रयत्न करत होता. बोटं ऐकत नव्हती. शिवकन्याला त्याची कीव आली, आणि त्या कीवेखाली सुटकेचा मोठा सुस्कारा. पोटावर पदर ओढून घेत ती मनात म्हणाली, विझली भट्टी. आता हे टिकंल.

भिवा उठला. पायानंच त्यानं भट्टीतले निखारे सारखे केले, वर राख लोटली, म्हणजे सकाळी विस्तव सापडावा. मग चुलीपाशी येऊन, कोणाकडं न बघता म्हणाला,

"उद्यापासून पळी शिवकन्या धरील. मी बाजूला बसून सांगत जाईन."