स्वयंपाक्याचा व्हिसा

अमेरिकेत, प्लेनोतल्या एका कुरिअरच्या दुकानात मी नोटरीचं काम करते. तिथे तो एकदाच आला. चाळिशीचा, इथेच जन्मलेला, तरी मला काकू म्हणाला. प्रत्येक कागद तो दोन्ही तळव्यांनी सरळ करत होता.

त्याचा नवरा सरकारी नोकरीत, परदेशात पोस्टिंगवर. तिथे दोन पुरुषांचं लग्न मानत नाहीत, म्हणून मागची दोन वर्षं हा तिथे कागदोपत्री नवऱ्याचा स्वयंपाकी म्हणून राहिला. नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलने स्वयंपाक्याला दाराबाहेरच बसवलं. आता दोघांनी नवऱ्याच्या ऑफिसला अर्ज केला होता, की बाकीच्या ऑफिसरांच्या बायकांना मिळतो तोच डिपेंडंट व्हिसा यालाही मिळवून द्यावा.

"नाही मिळाला तर?" मी विचारलं.

"मग इथेच राहीन. कुक म्हणून परत नाही जाणार, काकू. मला अंडं पण उकडता येत नाही."

तो हसला नाही. त्याने सही केली, मी शिक्का मारला.

माझ्याही व्हिसावर आठ वर्षं डिपेंडंट, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून, असं लिहिलेलं होतं. त्या व्हिसावर काम करता येत नव्हतं, म्हणून नोकरी सोडून घरी बसले होते, तो शब्द वाचला की अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याच शब्दासाठी हा माणूस माझ्यासमोर पुन्हा एकदा कागद सरळ करत होता.