भाऊंची झोप

कान्हे गावच्या भाऊंचा अपमान झाला. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी, लोणावळ्यातल्या एका सभागृहात, भरलेल्या खुर्च्यांसमोर. ज्यांनी तो केला त्यांना आजही वाटतं की आपण सत्कार केला. म्हणून भाऊ कोण होते ते सांगते. अपमान कसला, ते मग वेगळं सांगावं लागणार नाही.

भाऊ भेटले की "जेवलीस का?" असं कधी विचारायचे नाहीत. "झोप झाली का?" असं विचारायचे. नुसतं "हो" म्हणून सुटका नसे. "एकसलग लागली? सपान पडलं? काय दिसलं?" उपाशी माणसानं दुसऱ्याच्या घरच्या पंगतीचं वर्णन ऐकावं तसं ते ऐकायचे. पापण्यांच्या कडा कायम लाल. टाकव्याकडच्या एका कारखान्यात त्यांची जवळजवळ सगळी नोकरी रातपाळीत गेली होती. निवृत्त झाले तरी झोप परत आली नाही. "पाळी सुटली, पर रात काय सुटली न्हाई," म्हणायचे. त्या सुटत नसलेल्या रात्रींत त्यांनी लिहिलं. कथा लिहिल्या, भीमजयंतीची गाणी लिहिली, कुणाकुणाचे अर्ज लिहिले.

मी त्यांच्याकडे गेले ती पत्रक घेऊन. बंगलेवाल्यांनी ओढा बुजवला होता, आणि मी तावभर "जाहीर धिक्कार" लिहिला होता. भाऊंनी चष्मा पुसला, वाचलं आणि म्हणाले, "लय चिडलीस. पर कुनावर, ते लिवायचं राहिलं की गं." मग म्हणाले, "पयलं सांग कुनाचं नुकसान झालं. मग कवा झालं. आन् शेवटाला वाचनाऱ्याला काम दे. नायतर तो वाचंल, व्हय व्हय म्हनंल आन् पत्रकात भजी बांधून नेईल." सुमनमावशी, म्हणजे भाऊंची बायको, चहा गाळता गाळता आतून म्हणाल्या, "ह्यांच्या गोष्टींतबी लोकांनी भजीच बांधली."

लिहिणाऱ्या मंडळींना भाऊंच्या जागण्याचं भारी कौतुक. शहरातून कुणी ना कुणी यायचं, ओट्यावर बसायचं आणि म्हणायचं, "भाऊ, ही अनिद्रा म्हणजे देणगी आहे. झोपणाऱ्याच्या हातून असं लिहून होत नाही." भाऊ म्हणायचे, "देनगी हाय? मग घ्या की. जाताना पिशवीत घालून न्या." पाहुणे हसायचे. भाऊ हसायचे नाहीत. त्यांचा रक्तदाब तेव्हा गोळीलाही जुमानत नव्हता. बोलता बोलता शब्द हातातून निसटायचे, आणि हा माणूस शब्दांवर जगणारा. मला एकदा म्हणाले, "जागून लिवलं की समदी मानसं एकाच तोंडाची दिसत्यात. सगळ्यांचाच राग येतो. झोप झाली असली तर येकेक मानूस वेगळा दिसतो." लेखक जागल्यामुळे लिहितो, हे ज्यांनी पसरवलं त्यांनी एकदा तरी लेखकाला विचारायचं होतं.

शेवटी मावशींनीच त्यांना तळेगावला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण कडक होती. रात्री कागद नाही, दिवा नाही. लिहायचं ते उन्हात बसून. औषध सुरू झालं आणि पावसाळ्याच्या शेवटी भाऊंना झोप लागली. मावशींनी आळीत साखर वाटली! कुणी विचारलं, नातू झाला का? तर म्हणाल्या, "न्हाई, हे निजले."

त्याच दिवसांत, ओट्यावर, उन्हात पाठ करून भाऊंनी हाती घेतलेल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. त्यांचा आजा जातीनं वाट्याला आलेल्या वतनाच्या कामात गावाची रात्रीची राखण करायचा. हातात काठी, खांद्यावर घोंगडं. गाव निजायचं, आजा जागायचा; आणि तो बाहेर म्हणून आजी चुलीपाशी बसून जागायची. छप्पन साली धर्मांतर झालं. आज्यानं घरी येऊन काठी चुलीत घातली, घोंगडं शेळीखाली अंथरलं आणि आडवा झाला. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी उठेना. आयुष्यात पहिल्यांदा उठेना. दारात माणसं जमली, कुणी म्हणालं, गेला. तेव्हा आजी उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मेल्यालं न्हाईत. निजल्यात. हळू बोला."

भाऊ वाचताना इथं थांबले. म्हणाले, "आमच्या घरात येवडीच लढाई झाली. निजायची."

तालुक्यातल्या एका साहित्य समितीनं कादंबरीचं ते बाड छापायला नेलं. हातानं लिहिलेलं, एकच प्रत. पुस्तक काढू, त्याआधी सत्कार करू, असं ठरलं. आणि त्या रविवारी मंचावर अध्यक्षांनी काय केलं? भाऊंच्या खांद्यावर घोंगडी टाकली. हातात काठी दिली. आपल्याकडे पुढाऱ्यांना देतात तशी, मानाची. माइकवर म्हणाले, "मावळ झोपतो तेव्हा हा माणूस आपल्यासाठी जागतो!" सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

बाड त्यांच्याकडे महिनाभर होतं. त्यातलं एकही पान कुणी उलटलं नव्हतं, याचा याहून मोठा पुरावा मला नको.

भाऊंनी घोंगडीची घडी घातली. नीट, चार कोपरे जुळवून. टेबलावर ठेवली, वर काठी आडवी ठेवली. माइकपाशी गेले. "हे आमच्या आज्यानं खाली ठिवलंय," एवढंच म्हणाले आणि मंचावरून उतरले. मागून कुणीतरी म्हणालंच, "यांना मान द्यायची सोयच नाही बघा."

मग निरोप आला: झाल्या प्रकाराबद्दल दोन ओळी दिलगिरीच्या लिहून द्या, पुस्तक छापू. भाऊ म्हणाले, "त्या दोन ओळी लिवायला मला परत रातभर जागावं लागंल. न्हाई जमायचं." बाड मागितलं, तर कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष बाहेरगावी. दर वेळी बाहेरगावी. भाऊंची झोप पुन्हा गेली. औषध वाढलं, तरी गेली ती गेलीच. ओट्यावर ऊन यायचं, भाऊ बसायचे, लेखणीचं टोपण काढायचे आणि परत लावायचे.

फाल्गुनात एका दुपारी तळेगावला डॉक्टरकडे जायला ते कान्हे स्टेशनवर गेले. बाकावर बसले, मान छातीवर टेकली. चहावाल्या मावशी त्यांना ओळखत होत्या. भाऊंना झोप लागत नाही हे कान्ह्यात कुणाला माहीत नाही? पोरं दंगा करत होती, त्यांना त्या रागावल्या, "गप रे. भाऊचा डोळा लागलाय." लोकल आली, गेली. कुणी उठवलं नाही. दुसरी आली, गेली. लोक चपला न वाजवता बाकाजवळून जात होते. ऊन उतरल्यावर चहावाल्या मावशींनी भाऊंच्या खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं.

सुमनमावशी त्या दिवशी रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "त्यांचं बाड तेवडं आन, पोरी. आजीचं पान मला परत ऐकायचंय."

बाड अजून त्या कपाटात आहे. समिती आता भाऊंच्या नावानं पुरस्कार ठेवणार आहे म्हणे, रात्र रात्र जागून लिहिणाऱ्या तरुणांसाठी.

वाचणाऱ्याला शेवटी काम द्यावं, असं भाऊंनी मला शिकवलं. तर तुम्ही त्या दिवशी सभागृहात होतात. टाळ्या वाजवल्यात. तेच हात घेऊन येत्या रविवारी सकाळी समितीच्या दारात या. घोषणा नकोत, फलक नकोत. अध्यक्षांसमोर हात पुढे करा आणि म्हणा: बाड द्या. हातात पडेपर्यंत हलू नका.