रुसलेलं आमेन

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी गावाकडच्या आमच्या बोर्डिंगच्या बाईंचं नाव घेईन. माझ्या आईवडिलांना सही करता येत नव्हती. मी पदवीधर झालो तो बाईंनी रोज संध्याकाळी कान धरून पुस्तकापुढे बसवलं म्हणून. प्रार्थना करायलाही त्यांनीच शिकवलं, आणि त्यांचा एक नियम होता. प्रार्थनेआधी त्या विचारायच्या, "कुणाचं कुणाशी वाजलंय?" ज्यांचं वाजलं असेल त्यांनी बाहेर पेरूच्या झाडाखाली जाऊन काय ते बोलून यायचं. तोवर बाकीच्यांनी गीत म्हणत बसायचं. जेवण प्रार्थनेनंतर असल्यामुळे समेट फार लवकर व्हायचे.

आता मी ऐरोलीला राहतो आणि महाप्याच्या एका कंपनीत दिवसभर ग्राहकांच्या तक्रारी ऐकतो. "तुमचा त्रास मी समजू शकतो," हे वाक्य इतक्या वेळा म्हणतो की घरी येईपर्यंत समजून घेण्याची माझी ताकद संपलेली असते.

एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, "शनिवारची घरगुती प्रार्थनासभा कुणाकडे?" उत्साहाच्या भरात मी हात वर केला. शिवाय म्हणालो, "जेवणही आमच्याकडेच!" बायको पलीकडे बायकांमध्ये बसली होती. तिची नजर मला दिसली, पण तोवर टाळ्या वाजल्या होत्या.

ती कोपरखैरण्याच्या शाळेत शिकवते. त्या आठवड्यात घरभर तपासायच्या पेपरांचे गठ्ठे होते.

ख्रिस्ती घरातून आरडाओरडा ऐकू जाणं बरं दिसत नाही. म्हणून आम्ही प्रार्थनेत भांडू लागलो. संध्याकाळी मी डोळे मिटून म्हणालो, "हे दयाळू पित्या, माझ्या पत्नीला पाहुणचाराची आवड दे." मग तिने सुरू केलं. "हे पित्या, माझ्या नवऱ्याला हात वर करायच्या आधी विचार करायची बुद्धी दे. आणि एवढ्या लोकांचे कांदे कोण चिरणार, तेही त्याला दाखव."

दोनतीन दिवसांनी तिने माझ्या प्रार्थनेला आमेन म्हणणंच सोडलं. मी प्रार्थना संपवून एक डोळा हळूच उघडायचो, तर ही पंख्याकडे बघत बसलेली. लग्न झाल्यापासून दिवस कितीही वाईट गेला तरी त्या आमेनपाशी तो मिटायचा. आता तो मिटेना. घरचा राग ऑफिसात जाऊ लागला. एका ग्राहकाला मी चक्क विचारलं, "हे घेण्याआधी घरी विचारलं होतंत का?" ऑफिसातल्या साहेबांनी बोलावून पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "टेन्शन आहे का काही?"

समेटाची खूण म्हणून मी एपीएमसी मार्केटमधून कांद्याची अख्खी गोण आणली. ती पाहून बायको पेपरांचा गठ्ठा उचलून आतल्या खोलीत निघून गेली.

शनिवारी मंडळी जमली. शेजारच्या काकूही आल्या. त्या साताऱ्याकडच्या, आमच्या धर्माच्या नव्हेत, पण आमची गीतं त्यांना फार आवडतात. यजमान म्हणून सुरुवातीची प्रार्थना माझ्याकडे होती. सवयीने मी म्हणून गेलो, "प्रभू, या घरातल्या गृहिणीचं मन मऊ कर."

"अवो, ती हितंच बसलीया की!" काकू मोठ्यांदा म्हणाल्या. "तिलाच सांगा. देवाला कशाला मधी घालताय?"

सगळ्यांचे डोळे मिटलेले, पण खांदे हलत होते. पाळकसाहेबांना खोकला आला. मला एकदम पेरूचं झाड आठवलं. मी डोळे उघडून म्हणालो, "साहेब, एक गीत घ्या. आम्ही दोघं आलोच."

गॅलरीत वॉशिंग मशीनपाशी आम्ही उभे राहिलो.

"चुकलो गं," मी म्हटलं. "तुला आधी विचारायला हवं होतं."

"अहो, माणसं आल्याचं मला काही नाही. माझी आवडतीच माणसं आहेत ती. पण चर्चमध्ये जाहीर करायच्या आधी घरात जाहीर करायचं!"

"करीन. पण तू मला आमेन म्हण. तुझ्या आमेनशिवाय माझं काही खरं नाही."

ती हसली. मग म्हणाली, "मीपण देवाकडे चुगल्याच करत होते म्हणा. चला, पाचवं कडवं ओढतायत बिचारे."

आत येऊन मी राहिलेली प्रार्थना सुरू केली. दोन वाक्यं झाली असतील नसतील, तोच शेजारी बसलेल्या बायकोचा खणखणीत आवाज आला, "आमेन! भात लागेल."

पंधरा दिवसांनी मी बाईंना पत्र टाकलं:

"बाईंना सप्रेम सलाम.

तुमच्या नियमाला इथे झाड मिळालं नाही, पण वॉशिंग मशीनपाशीही तो चालतो. प्रार्थनेआधी आता बायको विचारते, 'कुणाचं कुणाशी वाजलंय?' घरात दोघंच असल्यामुळे उत्तर सोपं असतं. तुमच्यामुळे मी शिकलो, आणि अजून शिकतोच आहे.

नाताळात आमच्याकडे राहायला या. कांदे भरपूर आहेत. हे आमंत्रण बायकोला विचारून दिलं आहे.

तुमचा,
कान धरून बसवलेला विद्यार्थी"