सीलच्या पोटातले खडे

आमच्या आमालिए आत्याचा माणसावर काडीचा विश्वास नव्हता. पाद्री प्रार्थना म्हणायला लागला की ती एक डोळा उघडा ठेवायची. दुकानदाराने साखर दिली तर चाखून बघायची. विश्वास होता तो फक्त सीलच्या पोटावर.

वस्तीत कुणीही सील मारला की सोलायला तिच्याकडेच आणायचा. ती आधी त्याच्या तोंडात गोड पाणी सोडायची, कारण समुद्रात राहून बिचारा तहानलेला असतो. मग पोट फाडायची. आत काय काय निघायचं! कोळंबीसारखे किडे, बर्फाखालचे बोटभर मासे, आणि मासे विरघळून गेले तरी मागे राहणारे त्यांच्या कानातले खडे. आत्या ते तळहातावर घ्यायची नि सांगायची, "हा हिमनदीच्या तोंडाशी चरलाय. उद्या तिकडे गळ टाका." गडी मुकाट्याने तिकडे जायचे, आणि मासा मिळायचाच.

त्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या योआसचे गळ रिकामे यायला लागले. बर्फाला भोक पाडून त्याने लांब दोरी सोडलेली, तिला शंभरावर गळ. वर ओढावी तर हॅलिबटचा, त्या मोठ्या चपट्या माशाचा, पत्ता नाही, गळाला नुसती ओठाची चिंधी.

"घाईघाईत हिसकून काढलाय मासा," योआस म्हणाला. "माणसाच्या हाताचं काम आहे हे."

हात कुणाचा, ते कुणी बोललं नाही. सगळ्यांनी बघितलं मात्र सेवेरीनच्या घराकडे. सेवेरीन उत्तरेच्या वस्तीतून आलेला, एकटा राहायचा, बोलणं कमी. आमची कुत्री बरगड्या दाखवत फिरत होती आणि ह्याची सहा कुत्री टुमटुमीत! शिकार कुठे करतोस विचारलं तर म्हणायचा, "लांब." आता तुम्हीच सांगा, असं उत्तर देणाऱ्याचं पाणी कुठेतरी मुरत असणारच ना? मलाही तसंच वाटलं. उगाच आज शहाणपणा कशाला दाखवू.

आत्या मात्र म्हणाली, "आधी सील बघू, मासा त्यानेच खाल्ला असेल तर? त्या भोकाजवळचा एक मारून आणा."

योआसने चार दिवसांत आणला. अंगणात अख्खी वस्ती जमली, सेवेरीनसुद्धा मागे उभा होता. आत्याने पोट फाडलं, बोटांनी चाळलं. किडे निघाले, बारक्या माशांचे बारके खडे निघाले. हॅलिबटचा खडा मोठा असतो, तो एकही नाही.

"आणि हे पांढरं, तेलकट काय गं?" मी विचारलं.

"पचलेली चरबी. तू गप्प बस." तिने तो गोळा कुत्र्यांपुढे टाकला, हात पुसले आणि म्हणाली, "ह्याने हॅलिबट खाल्लेला नाही. खडे खोटं बोलत नाहीत."

म्हणजे चोर माणूस होता. आमच्याकडे कुणी कुणाला हाकलत नाही, भांडणही करत नाही. त्या सीलचे वाटे पडले तेव्हा प्रत्येक घराचं भांडं भरलं आणि सेवेरीनचं रिकामं पालथं ठेवलं, एवढंच. पालथं घालणारा हात आत्याचा होता. पुढच्या सीललाही तेच. वाटा बंद झालेल्या माणसासोबत कुणी बर्फावर जात नाही, आणि एकटा माणूस फटीत पडला तर त्याला ओढून काढणार कोण? सेवेरीनला हे ठाऊक होतं.

एका सकाळी तो आत्याच्या दारात आला. खांद्यावर त्याच्या गाडीचा म्होरक्या कुत्रा होता. मेलेला. त्यानेच नुकतीच गोळी घातलेला.

"तुझा पोटांवर विश्वास आहे ना? माझी कुत्री योआसच्या माशांवर पोसलीत म्हणता ना सगळे? घे, उघड."

आत्याने कुत्र्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"काल मुद्दाम सील खाऊ घातला असशील. लबाडी मला कळते."

तो कुत्रा ठेवून निघून गेला. आत्याने तो तसाच मागच्या खोपटात टाकला आणि तो तिथे दगडासारखा गोठून गेला.

एप्रिलमध्ये उन्हं लांबली. योआसच्या मदतीला आम्ही दोघी बर्फावर गेलो होतो. तो दोरी ओढत होता, मी नि आत्या भोकापाशी पालथ्या पडून खाली बघत होतो. पाणी असं स्वच्छ की खोलवरचे गळ दिसावेत. एक हॅलिबट वर येताना दिसला. तेवढ्यात बाजूने सील आला, आरामात, घरच्यासारखा. माशाच्या पोटाचा मऊ लचका तोडला, आणखी एक तोडला. मग झटका दिला तशी डोक्यासकट उरलेला मासा सुटून खाली गेला. गळाला राहिली ओठाची चिंधी.

खडे डोक्यात असतात. डोकं तो खातच नव्हता.

"अगं बाई," मी म्हणाले, "ते पांढरं माशाच्या पोटाचंच..."

"कळलं मला," आत्या म्हणाली.

घरी येऊन तिने कुत्रा आत आणला आणि दोन दिवस चुलीशेजारी ठेवला. मग उघडला. पोटात सीलची कातडी होती, केस होते, चरबी होती. माशाचा एक काटासुद्धा नव्हता; कुत्री खरंच लांब मारलेल्या सीलवर पोसली होती. ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

मग सीलच्या मांसाने भांडं काठोकाठ भरून ती सेवेरीनकडे गेली, मी मागून. तो गाडीला सामान बांधत होता. पाच कुत्री जुंपलेली, पुढचा पट्टा मोकळा.

"आता उघडलंस?" त्याने विचारलं.

"हो."

"मासा होता?"

"नव्हता. मी चुकले, सेवेरीन. जाऊ नकोस रे."

त्याने भांडं घेतलं, उभ्याउभ्या सगळं खाल्लं, बर्फाने घासून स्वच्छ केलं आणि तिच्या हातात दिलं.

"आठ वर्षं माझ्या पुढे धावला तो," म्हणाला, आणि गाडी हाकली.

आत्या पुढेही सील सोलत राहिली. पोटही फाडायची. योआस विचारायचा, "आमालिए, ह्याने काय खाल्लं नाही ते सांग." ती हात धुवायला लागायची.

"आहे तेवढं सांगते," म्हणायची. "नाही ते मला माहीत नाही."