चामरलेणीवरून आमची खिडकी

नाशिककराला नाशिक बघायचं तर पाहुणा लागतो. गंमत म्हणून नाही, अनुभवाने सांगतोय. आमच्या घरी बारा महिने पाहुणे. कुणाला त्र्यंबकला विधी करायचा असतो, कुणाला वणीच्या देवीचा नवस फेडायचा असतो, आणि जानेवारीत तर ज्यांना काहीच करायचं नसतं तेसुद्धा थंडी पडली म्हणून द्राक्षं खायला येऊन टेकतात. मग आम्ही त्यांना गाडीत घालून नाशिक दाखवतो. गंगेवर नेतो (गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात), काळाराम, तपोवन, पांडवलेणी. पांडवलेण्याच्या पायथ्याला काकडी विकणारी बाई मला गाईड समजते. एकदा तिने विचारलं होतं, दिवसाचे किती सुटतात म्हणून.

आमची ही मात्र या कशात नसायची. गाडीत जागा पाच. चार पाहुणे आणि चालवायला मी. ही दारात उभी राहून म्हणायची, तुम्ही या जाऊन, तोवर मी कणीक मळते. आम्ही उन्हातून दमून परत यायचो तेव्हा ताटं मांडलेली असायची. पाहुणे म्हणायचे, वहिनी, काय सुंदर शहर आहे हो तुमचं. ही हसून पुरणपोळी वाढायची. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, आणि आज नेमकं तेच वावगं वाटतं.

आमचं घर दिंडोरी रोडला, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट चामरलेणीचा डोंगर दिसतो. अर्ध्या उंचीवर कोरलेली जैन लेणी आणि तिथवर गेलेल्या पायऱ्यांची पांढरी रेघ. चौतीस वर्षं हिने त्या डोंगराकडे बघत फोडण्या दिल्या. श्रावणात तो किती हिरवा झाला, होळीला किती करपला, हे ती मला पोळीबरोबर वाढायची. मी पाहुण्यांना घेऊन वर जाऊन आलो की हिचा एकच प्रश्न, तिथून आपली खिडकी दिसते का हो? मी म्हणायचो, कुणी बघितलं.

एक जानेवारीला जुनं कॅलेंडर उतरवून नवं टांगायचं काम हिचं. टांगलं की जानेवारीच्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने एक शब्द लिहायची, चामरलेणी. म्हणजे आपण दोघांनीच जायचं, पाहुण्यांशिवाय. मी म्हणायचो, बघू. महिना संपला की ती तो शब्द खोडरबराने खोडून फेब्रुवारीच्या पानावर लिहायची. मार्चपासून ऊन तापतं, म्हणून तो तिथेच राहायचा. बायकोने एवढंसं मागावं आणि नवऱ्याने त्यावर वर्षानुवर्षं बघू म्हणावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला तर स्वतःच्या कानफटात मारून घ्यावीशी वाटते.

गेल्या ऑगस्टमध्ये ही मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेली. सहा महिन्यांची मुदत, जानेवारीच्या शेवटाचं परतीचं तिकीट. मी गेलो नाही. विमानात माझे पाय सुजतात हे सांगायचं कारण, खरं कारण असं की मला वाटलं, चार दिवस शांतता मिळेल. मिळाली. पहिले पंधरा दिवस बरी वाटली. नंतर मी भांडायला कुणी नाही म्हणून टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायला लागलो. शेजारच्या वहिनी डबा देतात, चांगला असतो, पण डब्यातल्या भाजीला आज मीठ जास्त पडलंय असं म्हणता येत नाही.

यंदा एक जानेवारीला सकाळी मीच कॅलेंडर टांगलं आणि हिला व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे अजून जुनंच वर्ष चालू होतं, रात्र होती. ही नातीला मांडीवर घेऊन बसली होती, अंगात जावयाचा जाडजूड स्वेटर. शुभेच्छा झाल्या, थंडी किती ते झालं. मग मुलीने फोन घेतला आणि बाजूला जाऊन हळूच म्हणाली की तिची रजा संपतेय, पाळणाघरात नंबर लागायला वेळ आहे, आईची मुदत अजून सहा महिने वाढवून मागता येते, अर्ज मात्र आत्ताच करावा लागेल. संक्रांतीपर्यंत सांगा बाबा. मी म्हटलं, तुझ्या आईचं काय म्हणणं? तर म्हणाली, आई म्हणते बाबांना विचार.

आता यात विचारायचं काय होतं? पोरीचं अडलंय, पहिलं लेकरू आहे. ये असं म्हणावं तर स्वार्थी ठरतो, रहा म्हणावं तर जीभ वळत नाही. मी माझा ठेवणीतला शब्द काढला. बघू.

त्याच दिवशी दुपारी हिचा भलामोठा मेसेज आला. मी तिथे नाही तर निदान तुम्ही तरी जानेवारी नीट करा, अशी सुरुवात, आणि खाली यादी. रविवारी मिसळ खायला जा, एकट्याने नको, मित्रांना घेऊन जा. बुधवारच्या बाजारातून बोरं आणा. बाळीच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने घेऊन पाठवा. चांदवडला भावाकडे हुरड्याला जा. आणि शेवटी, चामरलेणी. त्यापुढे लिहिलं होतं, आपल्या खिडकीला माझी हळदी रंगाची साडी बांधून जा म्हणजे वरून ओळखू येईल, कपाटात खालून दुसरा कप्पा. अमेरिकेत बसून उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात. पण खरं सांगतो, तो मेसेज मी त्या दिवशी सात-आठ वेळा वाचला.

मग लागलो कामाला. रविवारी ऑफिसातले दोन जुने मित्र घेऊन मखमलाबाद रोडला चुलीवरची मिसळ खाल्ली. फोटो पाठवला तर उत्तर आलं, तर्री कमी घ्या, रात्री त्रास होतो. झालाच. बुधवारी गंगेवरच्या बाजारात गेलो. कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते असे खणून ठेवलेत की रिक्षावाल्यानेही हात टेकले, शेवटचा अर्धा मैल पायी. बोरं घेतली आणि घरी आल्यावर लक्षात आलं, ही बोरं खाणार कोण? नात सातासमुद्रापार. पाव किलो सांगितली असती तरी चाललं असतं, मी सवयीने दोन किलो घेतली होती. निम्मी शेजारी दिली.

हलव्याचे दागिने मेन रोडला मिळाले. इवलासा मुकुट, इवलासा हार, बांगड्या, सगळं पांढरंशुभ्र काटेरी. कुरियरवाल्याने विचारलं आत काय, मी सरळ सांगितलं, दागिने. त्याने खोकं परत माझ्याकडे सरकवलं. दागिने जात नाहीत म्हणाला. मग साखरेचे आहेत, पहिल्या संक्रांतीला बाळाला घालतात, हे सगळं त्याला समजावून सांगावं लागलं. पोहोचायला आठवडा-दीड आठवडा लागेल म्हणाला. काही हरकत नाही, बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करतात. पावती घेतली आणि बाहेर येऊन मला वाटलं, त्या खोक्याबरोबर आपणही जाऊ शकलो असतो. सुजले असते पाय. काय झालं असतं?

शनिवारी चांदवडला मेव्हण्याकडे गेलो. हायवेपासून आत त्यांचं कांद्याचं रान, त्यात बांधाच्या कडेला हुरड्यापुरती ज्वारी ठेवतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्याची आगटी पेटवलेली, भोवती आम्ही. भाजलेलं कणीस मेव्हणा तळहातावर चोळतो आणि गरम हिरवे दाणे माझ्या पुढ्यात टाकतो. लसणाची चटणी, गूळ, दही. दरवर्षी हे चोळून द्यायचं काम ही करायची. भावाच्या हातून कणीस ओढून घ्यायची, तुला येत नाही म्हणायची. या वेळी त्याने दोन-तीन कणसं चोळली आणि हात झटकून नुसता बसला.

"दाजी, ताई नाय तर हुरड्याला काय चव नाय," तो म्हणाला. "कधी येती?"

मी म्हटलं, बघू. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि निखारे सारखे करायला लागला. परतीच्या वाटेवर मला त्या एका शब्दाचा पहिल्यांदा राग आला. मी तो इतका वापरला होता की तोंडातून आपोआप पडायचा.

राहिली चामरलेणी. तेरा तारखेला भोगी होती, दुसऱ्या दिवशी संक्रांत, म्हणजे मुलीला उत्तर द्यायचा शेवटचा दिवस. पहाटे उठलो. कपाटात खालून दुसरा कप्पा. साडी काढली तर तिला डांबरगोळ्यांचा वास होता, आणि त्याच्या खाली हिचा. मी काही हळवा माणूस नाही. सासरे गेले तेव्हाही मी रिक्षा, लाकडं, भटजी बघत होतो. पण ती साडी हातात घेऊन मी पलंगावर बसलो आणि चांगली पाच मिनिटं उठलो नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन खिडकीच्या ग्रिलला वरून खाली सोडली, चार चिमटे लावले आणि निघालो.

थंडी मी म्हणत होती. पायथ्याला गाडी लावली, कानटोपी घातली आणि पायऱ्या चढायला लागलो. सकाळी फिरायला येणारी माणसं भराभर पुढे जात होती. एक जोडपं माझ्याच वयाचं, बाई पुढे आणि बुवा मागून धापा टाकत, ती वरून त्याला चिडवत होती. माझे पाय दुखत नव्हते. तरी निम्म्यावर आल्यावर मी थांबलो, वळलो आणि खाली बघितलं.

धुकं विरत होतं. आमच्या भागात आता केवढ्या इमारती झाल्यात, हिरव्या जाळ्या लावलेल्या अर्धवट टोलेजंग. त्यातून आमची जुनी बिल्डिंग शोधायला वेळ लागला. आधी पाण्याची टाकी सापडली, मग गच्ची, मग तिसरा मजला. आणि तिथे खिडकीत हळदीचा एक ठिपका. चष्मा पुसून बघितलं. कुणीतरी पिवळी साडी नेसून खिडकीत उभं आहे आणि इकडे डोंगराकडे बघतंय, अगदी तस्सं.

मला माहीत होतं की साडी मीच बांधली आहे. तरी मी टक लावून बघत राहिलो. इतकी वर्षं मी या पायऱ्यांवर पाहुण्यांना लेण्यांची माहिती सांगत होतो, तेव्हा ही तिथे अशीच उभी असणार, आणि मी एकदाही मान वळवली नव्हती. मी पायरीवर बसलो. वर जायचं होतं, तिथून आणखी स्वच्छ दिसलं असतं, पण उठवेना.

तेवढ्यात फोन वाजला. हीच. रात्री मी सांगून ठेवलं होतं की सकाळी जाणार आहे. स्क्रीनवर ही, खांद्यावर नात, मागे सोफ्यावर मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"दिसते का हो?" हिने विचारलं.

मी कॅमेरा फिरवला. इतक्या लांबून फोनमध्ये काय दिसणार? नुसत्या इमारती आणि धुकं. हिने डोळे बारीक करून बघितलं, पिवळं काही सापडलं नाही. मी कॅमेरा परत स्वतःकडे केला.

"मला दिसते," मी म्हटलं. "तू खिडकीत उभी आहेस असं वाटतंय. मी निम्म्यावर बसलोय. उरलेल्या पायऱ्या मी एकटा चढणार नाही. मला करमत नाही ग. तू ये."

बोलून गेलो आणि माझा मलाच धक्का बसला. चौतीस वर्षांत असं कधी बोललो नव्हतो. शेजारून जाणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं. स्क्रीनवर हिचे डोळे भरले, ते लपवायला तिने मान खाली घातली, तर नातीने मुठीत हिचं मंगळसूत्र धरलेलं. मागे मुलीचे हात घडीवरच थांबले होते. हिने वळून लेकीकडे बघितलं, मग मुठीकडे, मग माझ्याकडे.

"बघू," ही म्हणाली.

तेवढंच. फोन ठेवल्यावर मी तिथेच बसून राहिलो. हा शब्द मी हिला किती वेळा दिला असेल, पण तो ऐकणाऱ्याला कसा लागतो हे मला माहीतच नव्हतं. त्यात नाही नसतं, म्हणून रागावता येत नाही. त्यात हो नसतं, म्हणून नुसतं थांबायचं असतं. हिने एवढी वर्षं असं थांबून वर मला गरम पोळ्या वाढल्या.

मी खाली उतरलो. घरी आलो तर शेजारच्या वहिनी जिन्यात तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी घेऊन उभ्या होत्या. भाऊजी, साडी वाळत घातलीय का, म्हणाल्या. मी हो म्हटलं. आत जाऊन चहा टाकला, खिडकीशी उभा राहून पिवळ्या पदराच्या कडेने डोंगराकडे बघत तो प्यायलो. साडी काढली नाही. मग हिच्या मिसळणाच्या डब्यामागे खोचलेली पेन्सिल शोधली, कॅलेंडरचं पान उलटलं आणि फेब्रुवारीच्या कोपऱ्यात लिहिलं, चामरलेणी.