धरसोडराव आणि गप्प मेहुणा

आमचे साडू ॲम्ब्युलन्सवर असतात. अपघात झाला की डॉक्टरच्या आधी पोचायचं आणि डॉक्टरच्या आधी बोलणी खायची, ही त्यांची नोकरी. घरात आम्ही त्यांना धरसोडराव म्हणतो. शर्ट घ्यायला गेले तर निळा धरतील, सोडतील, पांढरा बांधून घेतील आणि जिन्यातून परत फिरून निळाच नेतील. असल्या बिनबुडाच्या लोट्याच्या हाती लोक जीव कसे देतात, हे मला कधी उमजलं नाही.

आमच्या इमारतीखाली रंगाचं दुकान आहे. एका दुपारी तिथली लोखंडी मांडणी डब्यांसकट कोसळली आणि मालक व त्याचा मेहुणा तिच्याखाली सापडले. दोघांना ओढून बाहेर काढलं. मालक रस्ताभर ऐकू जाईल असा बोंबलत होता. मेहुणा भिंतीला टेकून मुकाट बसला होता. शेजारी धावले, म्हणजे सल्ले घेऊन धावले. एक म्हणाला पाणी पाजा, दुसरा म्हणाला पाजू नका, तिसऱ्याने मोबाइल काढला आणि उजेड कुठून येतो ते पाहिलं. मालकाचा पाय चोळावा, असं माझंही मत होतं. ते मी दोनदा मांडलं.

गाडी आली. धरसोडराव उतरले आणि मालकाकडे एक नजर टाकून सरळ मेहुण्याकडे गेले.

"अहो, मी इथे मरतोय," मालक ओरडला.

"ओरडताय ना? मग थोडं थांबा."

त्यांचा हिशेब असा, की ओरडायला श्वास लागतो. गप्प बसलेल्याची भीती जास्त. त्यांनी मेहुण्याची नाडी धरली, पोट दाबलं. "दुखतंय का?" मेहुण्याने आधी मालकाकडे पाहिलं आणि खाली मान घातली. घाम, पांढराफटक चेहरा, तोंडातून शब्द नाही. पोटात रक्तस्राव असावा, असं धरून त्यांनी त्याला स्ट्रेचरवर चढवलं.

तेवढ्यात मालकाचा आवाज खाली आला. "उतार पडला वाटतं," सल्लागार समाधानाने म्हणाले. धरसोडराव मात्र गर्रकन वळले. मालकाचं वाक्य अर्ध्यात तुटत होतं, ओठ काळेनिळे, मानेच्या शिरा टरारलेल्या. छातीची एकच बाजू हलत होती.

"याला उतरवा," ते मेहुण्याकडे बोट करून ड्रायव्हरला म्हणाले. "दुसरी गाडी बोलवा. ती येईपर्यंत याची नाडी सोडू नका."

"आत्ताच तर चढवला," मी म्हणालो. "तुमचं एकदा नक्की ठरवा ना."

"ठरवलं होतं. आता बदललं. जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

गर्दी फिदीफिदी हसली. त्यांनी कानाला नळी लावून मालकाची छाती ऐकली आणि बरगड्यांमध्ये जाड सुई घातली. मोडक्या बरगडीने फुप्फुसाला भोक पडलं होतं, आत हवा कोंडली होती. ती फुसकन बाहेर आली. मालकाने मोठा श्वास घेतला आणि पहिल्याच श्वासात धरसोडरावांना शिवी दिली.

मेहुण्याला नुसता मुका मार निघाला. मग बोलत का नव्हता? भाऊजींच्या दुकानात लागल्यापासून त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. विचारलं तर उत्तर भाऊजीच देत. ही गोष्ट धरसोडरावांच्या हिशेबात नव्हती. त्या मूकपणावर ते साफ फसले होते.

आठवड्याने मी इस्पितळात गेलो. मालक छातीत नळी घेऊन प्रवचन देत होता, मेहुणा उशाशी बसला होता.

"तुमचा साडू बावळट आहे हो. आधी याच्याकडे, मग माझ्याकडे. साधं एक ठरवता येत नाही."

वर्षानुवर्षं माझंही हेच मत होतं, पण त्या तोंडून ऐकताना कसंसंच झालं. "ते पहिल्या निर्णयाला चिकटून बसले असते," मी म्हणालो, "तर आज तुम्ही हे बोलला नसता."

"म्हणजे काय, मी..."

"भाऊजी, पुरे," मेहुणा म्हणाला. "डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलंय. पाणी प्या."

मालकाने तोंड उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि मुकाट पेला हातात घेतला.