भिंतीवरचा हात

चंद्रपूरकडच्या एका गावात, कोळशाच्या खाणीला लागून असलेल्या यमुनाबाईंच्या घरी चहा घेत होतो. सुरुंगाचा भोंगा वाजला. त्यांनी फळीवरची भांडी खाली उतरवली आणि तडा गेलेल्या भिंतीवर तळहात टेकून त्या उभ्या राहिल्या. धमाका झाला. छपरातून माती गळली.

"हातानं भिंत थांबते का हो?" मी विचारलं.

"थांबवत नाही जी. मातीची हाय नं, भेते बिचारी."

मग बाईंनी भांडी पुन्हा फळीवर मांडली.

संध्याकाळी शहरात घरी परतलो. अंधारात बटण चाचपायला भिंतीवर हात ठेवला. दिवा लागला, उजेड त्याच कोळशाचा. माझ्या भिंतीला कशाचंच भय नव्हतं. हात मात्र काढवेना.